सायकलीच्या हँडलची हकीकत

मंडळी, सायकलीचा इतिहास सांगायला कोणी बसला की तो चाकापासून सुरुवात करतो. आधी लाकडी चाक, मग लोखंडी धाव, मग भरीव रबर आणि शेवटी हवेची ट्यूब. ते ठीकच आहे. पण चाक काय, आपण बैलगाडीलाही पाहतो. सायकलीची माणसाशी खरी गाठ पडते ती हँडलापाशी. बसणाऱ्याची पाठ ताठ राहणार की वाकणार, त्याची नजर लांब रस्त्यावर राहणार की पुढच्या चाकावर, तो बाजाराला निघाला आहे की शर्यतीला, हे सारे त्या हातभर नळीच्या वळणावर ठरते. तेव्हा आज चाक बाजूला ठेवू आणि हँडल धरू.

याला कारणही आहे. तुमच्यापैकी पुष्कळांच्या पडवीत आजोबांची नाहीतर वडिलांची जुनी सायकल भिंतीला टेकून उभी असेल. अलीकडे अशा सायकली बाहेर काढायच्या, हँडल बदलायचे, नवा रंग द्यायचा आणि ऐटीत फिरवायच्या, अशी हौस तरुण मुलांत आली आहे. हौस चांगली आहे. मात्र हँडल ही नुसती शोभेची वस्तू नव्हे, आणि ते आपल्या सोयीने वाकवण्याचा खटाटोप सायकलीइतकाच जुना आहे. त्यापायी लोकांनी हाडे मोडून घेतली आहेत, विक्रम केले आहेत, आणि एका भल्या माणसाला तर त्याच्या हँडलासाठी शर्यतीतून बाहेर काढले गेले.

सुरुवात जर्मनीतली. १८१७ सालच्या १२ जूनला मानहाइम शहरातून कार्ल ड्राइस नावाचा गृहस्थ एका लाकडी दुचाकीवर बसून निघाला. तिला पायंडल नव्हते, साखळी नव्हती. जमिनीला पाय मारायचे आणि पुढे सरकायचे, एवढेच. असे करत तो सुमारे सात किलोमीटरवरच्या ठाण्यापर्यंत गेला आणि तासाभरात परत आला. या यंत्राला चाक वळवायला एक दांडी होतीच, पण तिच्या अलीकडे, बसणाऱ्याच्या छातीपुढे, गादी शिवलेली एक आडवी फळी होती. दोन्ही हातांची कोपरे या फळीवर टेकायची, अंगाचा भार थोडा पुढे द्यायचा आणि तोल सांभाळायचा. ही फळी जरा ध्यानात ठेवा, मंडळी. ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

त्यानंतर १८६० नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायंडले बसली. त्या गाड्यांचे हँडल सरळ दांडीसारखे होते आणि त्यात एक गंमत होती. उतारावर वेग आवरायचा असेल तर ती दांडी मुठीत धरून पिळायची. पिळली की तिच्यावर दोरी गुंडाळली जाई आणि मागच्या चाकावरचा ब्रेक दाबला जाई. विहिरीच्या रहाटाचीच युक्ती.

मग आली उंच चाकाची सायकल. पुढे माणसाच्या छातीएवढे चाक, मागे एक चिमुकले. पुस्तकातल्या चित्रात ती मोठी ऐटबाज दिसते. पण गुरुजी मंडळींनी फळ्यावर तिचे चित्र काढून मुलांना एक प्रश्न जरूर विचारावा, की हा माणूस पडला तर कसा पडेल? बसणारा जवळजवळ चाकाच्या आसावरच बसलेला. पुढे दगड आला, चाक अडले, की सगळे यंत्र त्या आसाभोवती पुढे फिरणार. माणूस पुढे फेकला जाणार, आणि मांड्या हँडलाखाली अडकल्यामुळे त्याला पाय टेकता येणार नाहीत. म्हणजे आठ फुटांवरून डोके सरळ जमिनीवर! अशा पडण्याने माणसे जायबंदी झाली आणि काही दगावलीसुद्धा. म्हणून कसलेले स्वार उतारावर दोन्ही पाय हँडलावरून पुढे टाकून बसत, म्हणजे फेकले गेले तरी पायांवर पडावे. यातूनच इंग्लंडात व्हॉटन नावाचे हँडल निघाले. ते मांड्यांच्या पुढून न जाता मांड्यांखालून मागे वळून येई आणि स्वार ते पाठीमागे धरी, जणू खुर्चीचे हातच. दिसायला विचित्र, पण पाय मोकळे राहत. अशाच उंच चाकाच्या सायकलीवरून टॉमस स्टीव्हन्सने १८८४ ते १८८६ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि १८८६ साली तो आपल्याकडच्या ग्रँड ट्रंक रस्त्यानेही गेला. वाटेतल्या गावकऱ्यांनी त्या स्वारीकडे पाहून काय म्हटले असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

१८८५ साली जॉन केम्प स्टार्ली याची रोव्हर सायकल आली आणि हा धोका टळला. दोन्ही चाके जवळजवळ सारखी, मागच्या चाकाला साखळी, बसणारा मध्यावर. तीन वर्षांनी, १८८८ मध्ये, बेलफास्टच्या डनलॉप या जनावरांच्या डॉक्टराने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. आज आपण जी सायकल चालवतो तिचा सांगाडा तेव्हा तयार झाला. हँडल आता कसेही वाकवता येऊ लागले, आणि त्याच्या दोन वाटा झाल्या. एक बसणाऱ्याकडे वळलेले, ताठ बसवणारे हँडल. दुसरे खाली वाकलेले, मेंढ्याच्या शिंगासारखे.

खाली वाकलेल्या हँडलावरून तेव्हा फार गहजब झाला. १८९० नंतरच्या दशकात युरोप-अमेरिकेतले तरुण हँडल खाली घेऊन, पाठ कमानीसारखी करून रस्त्याने सुसाट जाऊ लागले. वर्तमानपत्रांनी त्यांना झोडपले. काही डॉक्टरांनी तर या वाकलेल्या पाठीला आजाराचे भारदस्त लॅटिन नावही देऊन टाकले. प्रत्येक पिढीला तरुणांची पाठ वाकडीच दिसते, त्याला इलाज नाही.

पण त्या वाकण्यात शास्त्र होते. सपाट रस्त्यावर सावकाश जाताना टायरची घासाघास आणि साखळीचा अडथळा बऱ्यापैकी जाणवतो. वेग वाढला की खरा शत्रू हवा. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि तो रेटायला लागणारी ताकद आठपट होते. आणि हवा अडते ती सायकलीला थोडी, स्वाराच्या अंगाला फार. समोरून वारा असताना वैरणीचा भारा घेऊन सायकल चालवलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. म्हणून शर्यतीचा माणूस खाली वाकतो.

या काळातल्या एका माणसाचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. अमेरिकेतला कृष्णवर्णीय सायकलपटू मार्शल टेलर, लोक त्याला मेजर टेलर म्हणत. १८९४ मध्ये तिथल्या सायकलस्वारांच्या मोठ्या संघटनेने काळ्या माणसांना सभासदत्व बंद केले होते. हॉटेलात खोली मिळायची मारामार, शर्यतीत गोरे स्वार मुद्दाम कोंडी करायचे. अशा स्थितीत १८९९ साली माँट्रियलला हा माणूस एक मैलाच्या शर्यतीत जगज्जेता झाला. हँडल ज्या तुकड्यावर बसते, त्या तुकड्याला, म्हणजे स्टेमला, पुढे लांब काढून हँडल मागेपुढे सरकवता येईल अशी त्याची रचना होती, आणि त्या प्रकारच्या स्टेमला आजही त्याचेच नाव आहे. १९३२ साली शिकागोत तो गरिबीत वारला. जुन्या सायकलींचे शौकीन आज तो स्टेम हौसेने शोधत फिरतात. त्यांनी त्या माणसाचीही थोडी चौकशी करावी.

१९०३ मध्ये फ्रान्सची टूर द फ्रान्स शर्यत सुरू झाली. एकेक टप्पा शेकडो किलोमीटरचा. इतका वेळ एकाच जागी हात ठेवले तर बोटे बधिर होतात. शर्यतीच्या हँडलाचे वळण पाहा, त्यावर हात ठेवायला तीन जागा असतात. चढाला वरची सपाट जागा, एरवी ब्रेकच्या कांड्यांवर, आणि वाऱ्याविरुद्ध किंवा उतारावर खालचा वाक. मुठीची जागा बदलली की पाठीलाही विसावा मिळतो.

या शर्यतीचे नियम फार कडक. स्वाराने आपले यंत्र आपणच सांभाळायचे. १९१३ साली पिरेनीज डोंगरात युजेन क्रिस्तोफ या स्वाराच्या सायकलीचा पुढचा चिमटा मोडला. सायकल खांद्यावर घेऊन तो मैलोगणती चालत डोंगर उतरला आणि सेंट मारी द कांपां या गावी लोहाराच्या शाळेत शिरला. पंच शेजारी उभे. क्रिस्तोफने स्वतः भट्टीत लोखंड तापवले, स्वतः घण घातला, स्वतः जोड भरला. दोन्ही हात कामात असल्याने भाता मात्र एका पोराने हलवला. झाले! बाहेरची मदत घेतली म्हणून त्याला दहा मिनिटांचा दंड झाला, पुढे तो तीन मिनिटांवर आणला गेला. भाता हलवल्याबद्दल दंड! आपल्या गावच्या लोहाराने हे ऐकले तर तो काय म्हणेल?

आता आपल्याकडे वळू. हिंदुस्थानात रुजली ती ताठ बसवणारी काळी सायकल. आधी ती इंग्लंडातून येई. पुढे मुंबईत वरळीला हिंद सायकलचा कारखाना निघाला, आणि स्वातंत्र्यानंतर सोनपतला ॲटलास, आसनसोलला सेन-रॅले, लुधियानाला हीरो असे कारखाने उभे राहिले. आपले रस्ते, आपली ओझी आणि आपले धोतर या तिन्हींना ती सायकल मानवली. तिचे हँडल रुंद आणि मागे वळलेले. त्याला दुधाच्या किटल्या टांगता येतात, पिशवी अडकवता येते, पुढच्या दांडीवर पोराला बसवले तरी हात पुरतात. पुणे तर एके काळी सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जाई. सायकलीला पत्र्याचा बिल्ला लावावा लागे, आणि रात्री दिवा नसला की पोलीस हटकत. त्या ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला. तो दिवस नेमका जागतिक सायकल दिनाचा होता.

आपल्या लोकांनी सायकल नुसती बाजारापुरती वापरली असे मात्र नाही. १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईहून सहा पारशी तरुण पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे वाळवंटे, बर्फ आणि जंगले ओलांडून १९२८ च्या मार्चमध्ये परत आले. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट चढून जाणाऱ्यांचे कौतुक तर आपल्याकडे जुनेच आहे. पुढे हीरो हॉकसारख्या वाकड्या हँडलाच्या सायकली आल्या आणि शाळा-कॉलेजांच्या आवारात त्यांनी रुबाब केला.

आता ती फळी. ड्राइसची, कोपर टेकायची. दीडशे वर्षांहून अधिक काळ तिची कोणाला आठवण नव्हती. १९८७ च्या सुमारास अमेरिकेत बून लेनन नावाच्या, बर्फावर घसरण्याचा खेळ शिकवणाऱ्या माणसाच्या मनात आले, की उतारावर घसरणारा खेळाडू जसे हात पुढे जोडून अंग चोरतो, तसे सायकलीवर का करू नये? त्याने हँडलावर पुढे निघणारा एक फाटा बसवला आणि त्यामागे कोपरे टेकायला गाद्या दिल्या. १९८९ साली २३ जुलैला टूर द फ्रान्सचा शेवटचा टप्पा होता, व्हर्सायपासून पॅरिसपर्यंत २४.५ किलोमीटर, एकेकट्याने घड्याळाविरुद्ध धावायचा. फ्रान्सचा लॉरां फिन्यों ५० सेकंदांनी पुढे होता. अमेरिकेचा ग्रेग लेमाँड मागे होता. दोनच वर्षांपूर्वी शिकारीत चुकून गोळी लागून तो मरता मरता वाचला होता. लेमाँडने हे नवे हँडल लावले. फिन्योंने नाही लावले, टोपीही घातली नाही. ३,२८५ किलोमीटरच्या शर्यतीचा निकाल लागला अवघ्या ८ सेकंदांनी, लेमाँडच्या बाजूने. जुन्या फळीने आपला हिशेब असा चुकता केला.

याहून मला ग्रॅहम ओब्रीची गोष्ट मोठी वाटते. स्कॉटलंडचा हा माणूस. सायकलीचे दुकान काढले ते बुडाले, हातात पैसा नाही. एका तासात जास्तीत जास्त अंतर कापण्याचा विक्रम मोडायचा त्याने चंग बांधला. हा विक्रम इटलीच्या फ्रान्सेस्को मोझरने १९८४ मध्ये मेक्सिकोत ५१.१५१ किलोमीटर कापून केला होता. त्याच्याजवळ शास्त्रज्ञ होते, खास चाके होती, शिंगांसारखे पुढे वळलेले हँडल होते. ओब्रीने आपली सायकल घरीच बनवली. तिच्यात धुलाई-यंत्रातले एक बेअरिंगही वापरले. आणि हँडल असे बसवले, की हात दुमडून छातीखाली घ्यायचे आणि छाती त्यांच्यावर टेकायची. थंडीत कोंबडी पंख मिटून बसते ना, अगदी तसे.

१६ जुलै १९९३ रोजी नॉर्वेतल्या हामार गावी त्याने प्रयत्न केला तो हुकला. त्या दिवशी तो आपल्या जुन्या सायकलीवर नव्हता, तिच्या नव्या नमुन्यावर होता. दुसरा कोणी असता तर घरी गेला असता. हा दुसऱ्या दिवशी सकाळी आपली जुनी, हाताने केलेली सायकल घेऊन पुन्हा उभा राहिला आणि ५१.५९६ किलोमीटर गेला. आठवडा उलटायच्या आत इंग्लंडच्या ख्रिस बोर्डमनने तो विक्रम मोडला. १९९४ च्या एप्रिलमध्ये ओब्रीने ५२.७१३ किलोमीटर जाऊन तो परत घेतला.

आणि मग आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने त्याची बसण्याची रीतच बेकायदा ठरवली. १९९४ च्या जागतिक स्पर्धेत त्याला बाद करण्यात आले. ओब्री घरी आला, आणि त्याने हँडल उलट दिशेला नेले, हात सरळ पुढे ताणून, उडणाऱ्या माणसासारखे. त्या बैठकीवर १९९५ मध्ये तो पुन्हा जगज्जेता झाला. पुढच्याच वर्षी तीच बैठक घेऊन बोर्डमन तासात ५६.३७५ किलोमीटर गेला. मग संघटनेने तीही बंद केली, आणि २००० साली असे जाहीर केले, की तासाचा विक्रम एडी मर्क्सने १९७२ मध्ये ४९.४३१ किलोमीटर केला तसल्या साध्या, वाकड्या हँडलाच्या सायकलीवरच मोजायचा. २०१४ मध्ये तो नियम पुन्हा सैल झाला. शर्यत माणसाची असावी, यंत्राची नसावी, हे संघटनेचे म्हणणे मला पटते. पण भंगारातून सायकल करणाऱ्याला ‘यंत्राच्या जोरावर जिंकलास’ म्हणणे, हे काही पटत नाही.

आता तुमच्या पडवीतली सायकल. तिला शर्यतीचे हँडल लावायचे मनात असेल तर आधी तिचे ब्रेक पाहा. आपल्या काळ्या सायकलीचे ब्रेक तारेचे नसतात, सळ्यांचे असतात. त्या सळ्या हँडलालाच जोडलेल्या असतात आणि ब्रेकचे रबर रिमला आतल्या बाजूने वर ओढतात. हँडल काढले की ब्रेक गेला. बरे, तारेचा ब्रेक बसवू म्हणाल, तर त्या रिमची कड गोलसर असते, बाजूने रबर धरायला सपाटी नसते. म्हणजे रिमही बदलावी लागते. पुष्कळ मुले काय करतात, पुढचा ब्रेक काढूनच टाकतात. हे करू नये. ब्रेक दाबताच भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून थांबवण्याचे जास्त काम पुढचाच ब्रेक करतो. अशी सायकल आहे तशीच स्वच्छ करावी, गंज काढावा, छऱ्यांना ग्रीस द्यावे आणि तिच्या काळ्या रंगाला व सोनेरी रेघांना हात लावू नये.

तारेच्या ब्रेकची जुनी शर्यतीची सायकल असेल तर मात्र वाव आहे. पाठ दुखत असेल तर वाकडे हँडल काढून मागे वळलेले बसवता येते. आधी नळीची जाडी मोजून घ्या. इंग्लिश धर्तीचे हँडल पकडीच्या जागी २५.४ मिलिमीटर असते, इटालियन २६. एवढ्याशा फरकाने बोल्ट आवळूनही हँडल फिरते किंवा स्टेमला चीर जाते. स्टेम वर घ्यायचा तर वरचा बोल्ट थोडे आटे सैल करून त्यावर लाकडी हातोडीने टोला द्या, म्हणजे आतली पाचर सुटेल. स्टेमवर एक खूण कोरलेली असते, ती नळीच्या बाहेर दिसता कामा नये. खूण नसेल तर निदान अडीच इंच आत राहू द्या. नळी कापून शिंगांचे हँडल करायचे असेल तर कापलेली कड कानशीने घासून बूच मारा. उघड्या नळीवर पोर पडले की ती पोटात घुसते. शाळेत सायकली लावतात तिथे गुरुजींनी एक फेरी मारून मुठी निघालेली हँडले किती आहेत ते पाहावे. मुठी काही फार महाग नसतात.

शेवटी राहिली पट्टी. वाकड्या हँडलावर पूर्वी सुती पट्टी गुंडाळीत. गुंडाळायची खालच्या टोकाकडून वर, म्हणजे हाताच्या रेट्याने पदर सुटत नाहीत. आणि घामाने ती कुजू नये म्हणून युरोपातले शौकीन तिच्यावर शेलॅक देत, म्हणजे आपलीच लाख! पळस, बोर, कुसुम या झाडांवर किडे जी लाख करतात, तीच धुऊन, वितळवून, पापड्या करून आपल्याकडून जगभर जाई. रांचीजवळ नामकुमला १९२४ पासून लाखेची संशोधन संस्था आहे. लाखेच्या पापड्या स्पिरिटमध्ये रात्रभर भिजत घालाव्यात, सकाळी फडक्याने गाळून कुंचल्याने पट्टीवर द्याव्यात, वाळू द्यावे, आणि पुन्हा एक हात द्यावा. दोन-तीन हातांत पांढरी पट्टी मधाच्या रंगाची होते.